तळ आणि कांठ

वर्धा जिल्ह्याला समुद्र नाहीं. जवळांत जवळची लाट पाहावयाची तरी शेंकडो मैलांचा प्रवास करावा लागतो. असें असूनही बुडी मारणें म्हणजे काय, हें येथील खेड्यांतल्या मुलांना कोणी शिकवावें लागत नाहीं. चैत्र-वैशाखांत कपाशीचीं रानें उलंगून गेलेलीं असतात, काळ्या जमिनीला भेगा पडलेल्या असतात, आणि दुपारच्या वेळीं घराबाहेर पाऊल टाकवत नाहीं. अशा दिवसांत शेतांतील बांधीव विहीर हेंच मुलांचें राज्य होतें. पूर्वीं पाठीला सुका भोपळा बांधून, आणि अलीकडे प्लास्टिकचा रिकामा डबा बांधून, पोहावयास शिकलेला मुलगा दोन उन्हाळ्यांत तो आधार टाकून देतो, तिसऱ्या उन्हाळ्यांत थारोळ्यावरून सूर मारूं लागतो, आणि मग एके दिवशीं त्या लहानशा जगांतील सर्वांत मोठी परीक्षा देतो. तो विहिरीचा तळ गांठतो.

तळ गांठला हें सिद्ध कसें करावयाचें? त्याचा पुरावा ठरलेला आहे. वर येणाऱ्याच्या मुठींत तळाचा गाळ असला पाहिजे. मूठ उघडून काळा चिखल दिसला कीं कांठावरचीं मुलें आरोळी ठोकतात. मूठ रिकामी निघाली तर त्याच्या शब्दाला किंमत नाहीं.

मुठींतल्या गाळाचा हाच खेळ जगांत फार मोठ्या प्रमाणावर खेळला जातो. भर समुद्रांत एक तराफा उभा करतात. त्यावरून खालीं वजन बांधलेला एक दोर सरळ पाण्यांत सोडतात. आपण किती खोल जाणार हें स्पर्धकानें आदल्या दिवशीं जाहीर केलेलें असतें. तेवढ्या मापावर दोराला एक तबकडी बसवितात व तिच्याशीं लहान लहान चिठ्ठ्या लावून ठेवतात. स्पर्धकानें वर असतांना एक श्वास घ्यावा, हवेची टाकी, नळी, यंत्र असें कांहीं बरोबर न घेतां खालीं जावें, तबकडीवरची चिठ्ठी काढावी आणि ती घेऊन वर यावें. विहिरींत जी किंमत मूठभर गाळाची, तीच येथें त्या चिठ्ठीची.

परंतु दोन्ही खेळांत एक महत्त्वाचा भेद आहे. विहिरीच्या कांठावर गाळ दिसला कीं परीक्षा संपते. समुद्रावरील पंच मात्र चिठ्ठी पाहून समाधान मानीत नाहींत. स्पर्धकाचें डोकें पाण्याबाहेर आल्यापासून १५ सेकंदांच्या आंत त्यानें डोळ्यांवरची कांच किंवा नाकावरचा चिमटा काढला पाहिजे, हातानें ‘ठीक आहे’ अशी खूण केली पाहिजे, आणि तोंडानें तेंच स्पष्ट उच्चारून सांगितलें पाहिजे. या तीन गोष्टी याच क्रमानें झाल्या पाहिजेत. त्यांत चूक झाली, हात चुकला, शुद्ध हरपली, किंवा नाकातोंडाला पुन्हां पाणी लागलें, तर तळाहून आणलेली चिठ्ठी व्यर्थ. शंभर मीटर खोल जाऊन आलेला मनुष्य या १५ सेकंदांत हरतो. या नियमामागें जो विचार आहे तो असा, कीं तळ गांठणें हा पराक्रमाचा अर्धाच भाग होय. शुद्धीवर राहून कांठ गांठणें हा दुसरा, आणि तोच अधिक अवघड. या खेळांत आजवर होऊन गेलेल्या स्त्रियांत अग्रगण्य मानल्या गेलेल्या नातालिया मोल्चानोवा यांचें चरित्र हें याच एका वाक्याचें भाष्य आहे.

एका श्वासावर समुद्रांत उतरणें ही मुळांत हौस नव्हती. तें पोट भरण्याचें साधन होतें. तुतिकोरिनच्या किनाऱ्यावर मोत्यांच्या शिंपल्या काढणारे पाणबुडे, जपानांतील ‘आमा’ स्त्रिया, कोरियाच्या जेजू बेटावरील ‘हेन्यो’ स्त्रिया, ग्रीसच्या बेटांवरील स्पंज काढणारे लोक, या सर्वांनीं शतकानुशतकें हें काम केलें. १९१३ सालीं इटलीच्या ‘रेजिना मार्गेरिता’ या युद्धनौकेचा नांगर कार्पाथोस बेटापाशीं तुटून तळाला गेला. तेव्हां योर्गोस हाजिस्तातिस नांवाच्या एका किरकोळ देहयष्टीच्या ग्रीक स्पंजवाल्यानें सत्तर मीटरांहून अधिक खोल बुडी मारून तो शोधून दिला. डॉक्टरांनीं त्याची छाती तपासली, तों ती मुळींच निरोगी नव्हती. आणि त्याच्या कानांचे पडदेहि शाबूत नव्हते.

विद्वानांचा मात्र अशा गोष्टींवर विश्वास बसत नसे. पाण्याचा भार खोलीबरोबर वाढत जातो, हें शाळेंतल्या मुलालाहि ठाऊक असतें. दर दहा मीटरांना वातावरणाच्या एका दाबाइतकी भर पडते. म्हणजे दहा मीटरांवर दाब दुप्पट, तीस मीटरांवर चौपट, आणि शंभर मीटरांवर अकरा पट. हवेचा दाब वाढला कीं तिचें आकारमान त्याच प्रमाणांत कमी होतें. ज्याच्या फुफ्फुसांत पृष्ठभागावर सहा लिटर हवा मावते, त्याच्या छातींत शंभर मीटरांवर तीच हवा अर्ध्या लिटराहून थोडी अधिक, इतकीच उरते. मग छातीचा पिंजरा चिरडून जाणार नाहीं काय? १९४९ सालीं इटलीच्या हवाई दलांतील राइमोंदो बूखेर या अधिकाऱ्यानें पैज लावून तीस मीटरांची बुडी मारली, तेव्हां तो जिवंत परत येणार नाहीं असें भाकीत जाणत्यांनीं केलें होतें. तो परत आला. १९७६ च्या नोव्हेंबर महिन्यांत एल्बा बेटापाशीं झाक मायोल हा ४९ वर्षांचा फ्रेंच मनुष्य, वजनाच्या घसरगाडीच्या साहाय्यानें का होईना, शंभर मीटरांवर पोहोंचून सुखरूप वर आला. मायोलनें योगाभ्यास केला होता व श्वासाच्या नियमनाची दृष्टि त्यास तेथूनच मिळाली होती. हठयोगांतील कुंभक आपल्याकडे परंपरेनें चालत आला, आणि त्याची प्रयोगशाळेंत तपासणी करण्याचें काम १९२४ सालीं लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून स्वामी कुवलयानंदांनीं हातीं घेतलें, हें महाराष्ट्रीयांना ठाऊक आहेच.

विद्वानांचें गणित चुकलें नव्हतें. त्यांना शरीर पुरतें ठाऊक नव्हतें, इतकेंच. देवमासा, सील इत्यादि सस्तन प्राण्यांस जी देणगी लाभली आहे तिचा अंश मनुष्यांतहि आहे. चेहऱ्याला थंड पाण्याचा स्पर्श झाला व श्वास कोंडला, कीं नाडी मंद होऊं लागते. हातापायांच्या रक्तवाहिन्या आकुंचित होतात आणि रक्त मेंदू व हृदय यांच्यासाठीं राखून ठेवलें जातें. पांथरी आकुंचन पावून आपल्याजवळच्या तांबड्या पेशी रक्तांत सोडते. आणि फुफ्फुसांतील हवा आक्रसल्यामुळें छातींत जी पोकळी व्हावयाची, ती रक्त आंत शिरून भरून काढतें; म्हणून पिंजरा चिरडत नाहीं. घरांतील तेल संपत आलें असतां जाणती गृहिणी ज्याप्रमाणें ओसरीवरचा दिवा मालवून देवघरांतला तेवढा तेवत ठेवते, त्याप्रमाणें शरीर ही व्यवस्था न सांगतां करतें. हा गुण थोड्याबहुत अंशानें प्रत्येकाच्या ठायीं असतो. कोणाच्या ठायीं तो किती जोपासला जातो, हाच काय तो प्रश्न.

नातालिया मोल्चानोवा यांचा जन्म ८ मे १९६२ रोजीं उरल पर्वताच्या बाजूस असलेल्या उफा या शहरीं झाला. हें शहरहि वर्ध्याप्रमाणेंच समुद्रापासून फार दूर आहे. तरुणपणीं त्या पायांत वल्ह्यासारखे पडदे बांधून पोहण्याच्या शर्यतींत भाग घेत असत. पुढें विवाह झाला, एक मुलगा व एक मुलगी झाली, आणि शर्यती सुटल्या. सुमारें वीस वर्षें हा विषय बंदच होता. खेळाडूच्या आयुष्यांत वीस वर्षें म्हणजे संपूर्ण कारकीर्द. ज्या वयांत इतर खेळांतील मंडळी निवृत्त होऊन जुन्या आठवणी सांगूं लागतात, त्या चाळिशीच्या उंबरठ्यावर मोल्चानोवाबाई एका श्वासाच्या बुडीकडे वळल्या, आणि तेथें त्यांस आपलें खरें क्षेत्र सांपडलें.

यानंतर जें घडलें तें या खेळाच्या इतिहासांत अपूर्व होतें. या खेळाचे अनेक प्रकार आहेत. कांहीं तलावांतले: पाण्यांत तोंड घालून निश्चल पडून राहणें, अथवा एका श्वासांत आडवें किती अंतर कांपतां येतें तें पाहणें. कांहीं समुद्रांतले: दोन्ही पाय एकत्र बसतील असा माशाच्या शेपटीसारखा रुंद पडदा लावून उतरणें, पडद्यावांचून केवळ हातापायांनीं उतरणें, अथवा दोर धरून स्वतःला खालीं ओढीत नेणें. सामान्यतः एखादा स्पर्धक यांपैकीं एकदोन प्रकारांत प्राविण्य मिळवितो. मोल्चानोवाबाईंनीं जवळजवळ सर्वच प्रकारांत श्रेष्ठत्व मिळविलें. सप्टेंबर २००९ मध्यें ईजिप्तमधील शर्म-अल-शेखपाशीं त्या शेपटीचा पडदा लावून १०१ मीटर खोल गेल्या व परत आल्या. अशा रीतीनें स्वतःच्या बळावर शंभर मीटर ओलांडणारी ती पहिलीच स्त्री होय. त्या वेळीं त्यांचें वय ४७ होतें. जून २०१३ मध्यें बेलग्रेड येथें त्या पाण्यावर निश्चल पडून ९ मिनिटें २ सेकंद श्वास कोंडून राहिल्या. नऊ मिनिटांची मर्यादा तोंवर कोणत्याहि स्त्रीनें ओलांडली नव्हती. त्या वेळीं वय ५१. पुढच्याच वर्षीं इटलींत त्यांनीं एका श्वासांत २३७ मीटर अंतर पाण्याखालून आडवें कांपलें. एकूण ४१ विश्वविक्रम आणि जागतिक स्पर्धांतील वीसहून अधिक सुवर्णपदकें त्यांच्या नांवावर जमा झालीं. त्यांचा मुलगा अलेक्सेइ मोल्चानोव हाहि आईच्या मागोमाग याच क्षेत्रांत आला व स्वतः विश्वविक्रमी ठरला; २०२१ सालीं बहामा बेटांत त्यानें १३१ मीटरांची बुडी मारली.

शंभर मीटरांची बुडी म्हणजे काय, याची कल्पना केवळ आंकड्यांनीं येत नाहीं. उतरण्याचा वेग सेकंदास एक मीटर धरला तर जाण्यायेण्यास तीन मिनिटांहून अधिक वेळ लागतो. पहिले दहावीस मीटर पाणी शरीराला वर ढकलतें व पायांनीं नेटानें खालीं जावें लागतें. मग छातींतील हवा आक्रसून शरीर पाण्याहून जड होतें, आणि पाय हालवण्याचें कारण उरत नाहीं. देह दगडासारखा आपोआप खालीं जाऊं लागतो. या पतनांत श्रम नाहींत, प्राणवायूचा खर्च थोडा, प्रकाश मावळत चाललेला, आवाज नाहीं. हें सुख फार मोठें असतें असें जाणारे सांगतात. आणि धोका नेमका याच सुखांत आहे. कारण खालीं जाण्यास जें फुकट मिळालें, त्याचें मोल वर येतांना एकरकमी द्यावें लागतें. तळाशीं पोहोंचल्यावर त्याच जडत्वाविरुद्ध, उरलेल्या अर्ध्या श्वासावर, संपूर्ण उंची पायांनीं चढून यावी लागते.

मग तीन मिनिटें, नऊ मिनिटें, मनुष्य मनाला कसें आवरून धरतो? येथें मोल्चानोवाबाईंची शिकवण ऐकण्याजोगी आहे, कारण ती अपेक्षेच्या उलट आहे. मन स्थिर करावयाचें म्हणजे तें एका बिंदूवर खिळवावयाचें, अशी आपली समजूत असते. दिव्याची ज्योत, नासिकाग्र, एखादें नाम, यांवर चित्त एकाग्र करण्याची दीक्षा आपल्याकडे दिली जाते. मोल्चानोवाबाई लक्ष एकवटण्याऐवजीं तें पसरावयास सांगत. दृष्टि समोर असूं द्यावी, परंतु कोणत्याहि एका वस्तूवर ती टेकूं नये. दृष्टिक्षेत्राच्या सर्व कडा, वरची, खालची, डावी, उजवी, एकाच वेळीं जाणिवेंत याव्या. मग डोळ्यांपुरतें नव्हे, सर्व शरीरभर तसेंच. याचा सराव झाला कीं विचारांची धांव मंदावते. आणि मेंदू हा प्राणवायूचा मोठा गिऱ्हाईक असल्यामुळें त्याची घाई कमी झाली कीं श्वास पुरवठ्यास येतो. शिवाय कोठें कांहीं बिघडलें तर पसरलेलें लक्ष तें टिपतें, एकवटलेलें लक्ष टिपीत नाहीं. मॉस्को येथील शारीरिक शिक्षणाच्या विद्यापीठांत त्या अध्यापन करीत, रशियांतील या खेळाच्या संघाचें अध्यक्षपद त्यांनीं भूषविलें, शिक्षणाचा पद्धतशीर क्रम घालून दिला, आणि कविताहि लिहिल्या. पदकांची संख्या वाढत असतां त्यांचा बराच काळ दुसऱ्यांस सुखरूप खालीं नेण्यांत व सुखरूप वर आणण्यांत जात होता.

वर आणण्याची ही विद्या नीट कळावयाची तर श्वासाविषयींचा एक मोठा गैरसमज दूर केला पाहिजे. श्वास कोंडला असतां जी असह्य तळमळ होते ती प्राणवायु संपल्यामुळें होते, असें बहुतेकांस वाटतें. तसें नाहीं. उच्छ्वासावाटे जो कर्बवायु बाहेर टाकावयाचा तो रक्तांत सांचत गेल्यामुळें ती तळमळ होते. कर्बवायु हा घरचा पहारेकरी आहे. प्राणवायु संपण्याच्या पुष्कळ आधीं तो दार ठोठावतो. आतां एखाद्यानें बुडी मारण्यापूर्वीं भराभर दहावीस दीर्घ श्वास घेतले, तर काय होतें? प्राणवायूचा सांठा त्यामुळें फारसा वाढत नाहीं, कारण रक्त आधींच त्यानें जवळजवळ भरलेलें असतें. कर्बवायु मात्र धुवून निघतो. पहारेकऱ्याला रजा दिली जाते. मग तळमळ उशिरां सुरू होते, बुडणाऱ्याला वाटतें आज आपला दम चांगला टिकला, आणि इशारा मिळण्यापूर्वींच प्राणवायु इतका घटतो कीं शुद्ध हरपते. ओरड नाहीं, धडपड नाहीं. दिवा मालवावा तसा मनुष्य मालवतो.

यांतहि सर्वांत घातक भाग तळाशीं नसून वर, अखेरच्या दहा मीटरांत असतो. खोल पाण्यांत दाबामुळें उरलासुरला प्राणवायु रक्तांत शिरत राहतो. वर येतां येतां दाब झपाट्यानें उतरतो आणि तोच प्राणवायु अपुरा पडतो. म्हणून पुष्कळदां मनुष्य तळ गांठून, निम्मी वाट चढून, डोक्यावर उजेड दिसत असतां, किंवा पहिला श्वास घेतल्यावरहि, बेशुद्ध होतो. स्पर्धांत यासाठींच कडक व्यवस्था असते. स्पर्धकाचा देह एका आंखूड दोरीनें मुख्य दोराला जोडलेला असतो. तो वर येऊं लागला कीं दुसरे पाणबुडे त्याला सामोरे जातात व डोळ्यांत डोळे घालून त्याच्याबरोबर वर येतात. तो बेशुद्ध झाला तर त्याचें तोंड तत्काळ पाण्याबाहेर धरतात, आणि बहुधा थोड्याच क्षणांत श्वास चालू होतो. तेथें बेशुद्धि ही हार असते, मृत्यु नसतो. आणि या दोहोंतील अंतर म्हणजे जवळ असलेला दुसरा मनुष्य. एकट्यानें कधींहि बुडी मारूं नये, हा या विद्येचा पहिला धडा होय. मोल्चानोवाबाईंच्या परंपरेंत हजारों शिष्यांनीं तो गिरविला.

२ ऑगस्ट २०१५ रोजीं स्पेनच्या फोर्मेन्तेरा या बेटापाशीं मोल्चानोवाबाई कांहीं जणांस खासगी शिकवणी देत होत्या. स्पर्धा नव्हती, विक्रम करावयाचा नव्हता, पंच नव्हते. त्या दिवशीं पायांना पडदा न लावतां त्या स्वतः एक बुडी मारण्यास उतरल्या. खोली तीस ते चाळीस मीटर असावी असा अंदाज सांगण्यांत आला. शंभर मीटर सहज ओलांडणाऱ्या मनुष्याच्या दृष्टीनें ही खोली म्हणजे अंगणांतली फेरी. त्या वर आल्या नाहींत. पाण्याखालच्या जोरदार प्रवाहानें त्यांस ओढून नेलें असावें, असा तर्क करण्यांत आला. कित्येक दिवस शोध चालला. त्यांचा देह मिळाला नाहीं. वय ५३ वर्षांचें होतें.

या घटनेचा अर्थ लावतांना दोन टोकांना जाण्याचा मोह होतो. समुद्रावर जिचें प्रेम तिला समुद्रानेंच नेलें, असें म्हणून कोणी त्या मृत्यूला काव्याचा रंग देतो. कोणी म्हणतो कीं इतकी मोठी अधिकारी स्त्रीहि जेथें वांचली नाहीं तेथें ही सारी विद्याच खोटी. दोन्ही गोष्टी बरोबर नाहींत. दोर, तबकडी, पंच आणि सामोरे येणारे पाणबुडे जेथें होते तेथें त्या अनेक वर्षें मृत्यूच्या कितीतरी जवळ जाऊन परत आल्या. यांतील एकहि गोष्ट जेथें नव्हती, तेथें त्या एका किरकोळ बुडींतून आल्या नाहींत. म्हणजे विद्या खोटी ठरली नाहीं; उलट तिचा पहिला धडा कोणालाहि, गुरूलासुद्धां, माफ नाहीं, हेंच दिसून आलें. नवशिक्या भितो म्हणून जपतो. जाणत्याला भय उरत नाहीं, आणि ज्या जागीं पूर्वीं भय उभें असे त्या जागीं नियम उभा करावा लागतो. तो तेथून क्षणभर हलला कीं जागा रिकामी पडते.

या कथेंतून वर्धा जिल्ह्यांतील त्या विहिरीकडे परत येणें अवघड नाहीं. तेथें स्पर्धा आजहि होतात. पाण्याखालीं कोण अधिक वेळ राहतो, तळाचा गाळ कोण आधीं आणतो, यावर पैजा लागतात. आणि सर्वांत हुशार समजला जाणारा मुलगा बुडीपूर्वीं छातीचा भाता भराभर चालवून दम सांठवीत असतो. तो दम सांठवीत नाहीं, पहारेकऱ्याला घालवून देत असतो, हें त्याला कोणी सांगितलेलें नसतें. उन्हाळ्याच्या सुट्टींत शहरांतून मामाच्या गांवीं आलेला, पोहण्याच्या तलावावर शिकून तयार झालेला भाचा यांत मागें नसतो. उलट त्याला कमीपणा नको असतो म्हणून तो एक पाऊल पुढेंच टाकतो. चांगला पोहणारा मुलगा ओळखीच्या विहिरींत कसा बुडाला, याचें गांवाला नवल वाटतें. कोणी म्हणतात पाण्यानें ओढला, कोणी म्हणतात विहिरीला बळी लागतो. पुष्कळदां खरें कारण इतकेंच असतें, कीं शुद्ध हरपण्याच्या क्षणीं त्याच्याकडे कोणाचें लक्ष नव्हतें.

म्हणून जगज्जेत्यांनीं जे नियम स्वतःवर बंधनकारक करून घेतले तेच, थोडे सोपे करून, या विहिरींनाहि लावले पाहिजेत. बुडीपूर्वीं भराभर श्वास घेऊं नयेत; शांतपणें दोनचार साधे श्वास घेऊन उतरावें. एक जण पाण्याखालीं असेल तेव्हां उत्तम पोहणारा दुसरा एक जण वर असलाच पाहिजे, आणि त्यानें त्या वेळीं गप्पा मारूं नयेत. दोघांनीं एकदम बुडी मारूं नये. एका बुडीनंतर, जितका वेळ खालीं गेला त्याच्या दुप्पट तरी विसांवा घ्यावा. वर आलेला मुलगा हंसत असला तरी आणखी अर्धा मिनिट त्याच्यावरून नजर काढूं नये. एक भक्कम दोर कांठाला बांधून पाण्यांत सोडलेला असावा. यांत खर्च कांहींच नाहीं. आणि ज्या घरांत पोहणारीं मुलें आहेत त्या घरांतील वडील माणसांनीं हे नियम रागावून न सांगतां, ते जगांतील सर्वांत निष्णात पाणबुड्यांचे नियम आहेत असें म्हणून सांगावे. भित्र्याचा नियम मुलें मोडतात, वीराचा नियम तीं अभिमानानें पाळतात.

एवढ्यानें मुलांच्या खेळाची गोडी कमी होईल अशी भीति बाळगण्याचें कारण नाहीं. मुठींतला गाळ तसाच राहूं द्यावा. त्याला फक्त समुद्रावरच्या त्या १५ सेकंदांची जोड द्यावी. वर आलेल्या मुलानें प्रथम डोळ्यांवरचें पाणी पुसावें, हात वर करावा, आपलें नांव मोठ्यानें सांगावें, आणि मगच मूठ उघडावी. कांठावर बसून आंकडे मोजणाऱ्या मुलानें तें नांव नीट ऐकूं आल्याखेरीज गाळाकडे पाहूं नये.